नकाशावर मूल नको, जागा हवी

प्रति,
शहरांचे पोलीस प्रमुख, बालकल्याण व बालन्याय यंत्रणांचे अधिकारी, शाळांचे प्रशासक आणि या सर्वांसाठी गुन्ह्यांचे नकाशे तयार करणारे माझे सहव्यावसायिक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली अनेक वर्षे मी भौगोलिक माहिती प्रणालीवर, म्हणजे माहिती जागेनुसार संगणकाच्या नकाशावर मांडणाऱ्या ज्या साधनाला आपण सगळे सवयीने जीआयएस म्हणतो त्यावर, काम करते आहे आणि त्यातली बरीच वर्षे अल्पवयीन मुलांचा सहभाग असलेल्या गुन्ह्यांचे नकाशे करण्यात गेली आहेत. एकेकाळी ही साधने फक्त मोठ्या शहरांना परवडत. आज नकाशे करण्याचे क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, ओपनस्ट्रीटमॅपवरचे रस्ते विनामूल्य मिळतात, नेड लेव्हिन यांनी गुन्ह्यांच्या स्थानिक विश्लेषणासाठी तयार केलेले क्राइमस्टॅटही विनामूल्य मिळते आणि हे सारे एखाद्या लहान कार्यालयातल्या साध्या संगणकावर चालते. त्यामुळे नकाशा करावा की करू नये, हा प्रश्न आता मागे पडला आहे. त्यावर काय दाखवायचे आणि तो आधी कोणापुढे ठेवायचा, हे मात्र अजून ठरायचे आहे, आणि ते ठरवणे आपल्या हाती आहे, म्हणून हे पत्र.

माझी विनंती थोडक्यात सांगते. मुलांच्या बाबतीत नकाशावर जागा दाखवा, वेळ दाखवा, त्या जागी काय आहे आणि काय नाही तेही दाखवा. पण मूल दाखवू नका. आणि तयार झालेला नकाशा गस्तीचे वेळापत्रक आखणाऱ्याच्या आधी, ज्याच्या खिशात एखाद्या मैदानाच्या, वाचनालयाच्या किंवा शाळेच्या इमारतीच्या किल्ल्या आहेत त्याच्यापुढे ठेवा. ‘बालगुन्हेगार’ हा शब्द मी या पत्रात कुठेही मुलांसाठी वापरणार नाही, कारण नकाशावरच्या रंगाप्रमाणे तोही एकदा चिकटला की निघत नाही.

मी केलेल्या सुरुवातीच्या नकाशांपैकी एक मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. दोन वर्षांतल्या मारामाऱ्या, मोबाइल हिसकावण्याचे प्रकार आणि तोडफोड, अशा नोंदी घेऊन मी घनतेचा नकाशा केला होता आणि त्यातल्या गुळगुळीतपणाची त्रिज्या, म्हणजे प्रत्येक नोंदीचा रंग तिच्याभोवती किती अंतरापर्यंत पसरवायचा ते, जी वापरणाऱ्यालाच ठरवावी लागते, ती ५०० मीटर ठेवली होती. पडद्यावर एक मोठा लाल डाग उमटला. त्याच्या पोटात एक शाळा होती, दुकानांची एक रांग होती आणि मागे दाटीवाटीची एक वस्ती होती. बैठकीतल्या प्रत्येकाला त्या डागात तेच दिसले जे त्याच्या मनात आधीपासून होते, आणि बहुतेकांच्या मनात ती वस्ती होती. मी परत येऊन त्रिज्या ५० मीटर केली, तेव्हा तो डाग आक्रसत आक्रसत एका बसथांब्यावर येऊन थांबला. नोंदी तासांप्रमाणे वेगळ्या केल्यावर त्यातल्या बहुतेक शाळा सुटल्यानंतरच्या पाऊण तासातल्या निघाल्या. वस्तीत जवळपास काहीच घडत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. तीन शाळा पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सुटत होत्या आणि पुढची बस चाळीस मिनिटांनी होती. छपराखाली दहा जणांची जागा आणि मुले शंभरावर. समोर रस्त्यापलीकडे कुंपण घातलेले मोठे मैदान होते, त्याच्या फाटकाला कुलूप होते आणि ते इतके गंजलेले होते की वर्षानुवर्षे त्यात किल्ली फिरलेली नसावी. धाकट्या मुलांपैकी एकाचे दप्तर कोणीतरी रस्त्यावर भिरकावले, तो ते उचलायला गेला, मागून कोणीतरी हसले, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात जे झाले ते नोंदवहीत गेले असते तर ‘अल्पवयीनांमधील हाणामारी’ म्हणूनच गेले असते. पुढे शाळांनी सुटण्याच्या वेळा थोड्या मागेपुढे केल्या आणि मैदानाचे फाटक संध्याकाळपर्यंत उघडे राहू लागले. एका थांब्यावरून सगळे सिद्ध होते, असे मी म्हणत नाही. पण त्रिज्येचा तो एक आकडा बदलला नसता तर आम्ही त्या वस्तीत गस्त वाढवली असती, हे मात्र मी खात्रीने सांगते.

मुलांचे गुन्हे नकाशावर मांडण्याची कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे. शिकागोत १८९९ साली जगातले पहिले स्वतंत्र बालन्यायालय सुरू झाले आणि त्याच शहरात क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोन समाजशास्त्रज्ञांनी न्यायालयापुढे आलेल्या मुलांच्या घरांचे पत्ते एकेक करून कागदी नकाशावर ठिपक्यांनी नोंदवले. त्यांनी वेगवेगळ्या काळांतल्या नोंदी, सुमारे १९०० पासून १९३३ पर्यंतच्या, शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मुलांच्या संख्येच्या प्रमाणात पाहता शहराच्या मध्यभागालगतच्या, कारखान्यांना आणि गोदामांना चिकटलेल्या, पडझड झालेल्या भागांत प्रमाण सर्वांत जास्त होते आणि बाहेरच्या बाजूला जावे तसे ते उतरत होते. पण खरा धक्का त्यापुढे आहे. त्या तीन दशकांत या भागांत राहणारी माणसे जवळजवळ पूर्ण बदलली होती. आधी जर्मन, आयरिश आणि स्कँडिनेव्हियन कुटुंबे होती, नंतर इटालियन आणि पोलिश आली, त्यांच्यामागून आणखी इतर आले, तरी नकाशा मात्र होता तसाच राहिला. आणि जी कुटुंबे तिथून बाहेर पडून चांगल्या भागांत राहायला गेली, त्यांच्या मुलांचे प्रमाण उतरले. दोष अमुक समाजाच्या रक्तात किंवा संस्कारात आहे, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या त्या काळच्या मंडळींना यापेक्षा नेमके उत्तर कोणत्याही भाषणाने दिले नसते. हे काम १९४२ साली ग्रंथरूपाने आले, आणि आजही कोणी मला ‘ती माणसेच तशी’ असे म्हणाले की मला ते ठिपके आठवतात.

शॉ नकाशावर थांबले नाहीत, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘शिकागो एरिया प्रोजेक्ट’ उभा केला, ज्यात ठिपक्यांची दाटी असलेल्या भागांतल्या रहिवाशांनाच समित्यांत बसवले, खेळाच्या जागा आणि शिबिरे त्यांनीच चालवायची, शाळेशी आणि न्यायालयाशी मुलांच्या वतीने त्यांनीच बोलायचे. तो उपक्रम आजही चालू आहे. त्याने गुन्हे नेमके किती कमी झाले याचे ठाम मोजमाप त्या काळी झाले नाही, आणि ते मी इथे लपवत नाही. पण नकाशा पाहून आधी त्या भागातल्या माणसांकडे जायचे, हा क्रम त्यांनी घालून दिला आणि आपण तो हळूहळू विसरलो.

शॉ आणि मॅके यांच्या नकाशात एक मर्यादाही होती, जिची आठवण आज पावलोपावली ठेवावी लागते. त्यांचा ठिपका म्हणजे मुलाचे घर होते, घटनेची जागा नव्हे. मूल जिथे राहते आणि जिथे ते अडचणीत सापडते, या दोन जागा पुष्कळदा वेगळ्या असतात, आणि दोन्हींचे नकाशे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. घरांचा नकाशा, तोही विभागवार प्रमाण काढून, सांगतो की कुटुंबांना आधार कुठे कमी पडतो आहे. घटनांचा नकाशा सांगतो की कोणत्या कोपऱ्यावर, कोणत्या वेळी, कोणाच्याही देखरेखीविना मुले एकत्र येतात. मी पाहिलेल्या अहवालांत हे दोन्ही एकाच रंगात, माहितीच्या एकाच थरावर सर्रास मिसळलेले असतात आणि मग बाजारातल्या चोरीसाठी चार किलोमीटर दूरची वस्ती लाल होते.

घटनांच्या नकाशाबद्दल सर्वांत डोळे उघडणारा अभ्यास अमेरिकेतल्या सिएटल शहरातला आहे. गुन्हेशास्त्रज्ञ डेव्हिड वाइसबर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ ते २००२ या १४ वर्षांत, ज्यांत अल्पवयीनांना अटक झाली अशा घटना, रस्त्याच्या दोन चौकांमधल्या एकेका तुकड्यावर मांडल्या. शहरात असे २५ हजारांवर तुकडे होते आणि त्यांपैकी अवघ्या ८६ तुकड्यांवर एकूण घटनांपैकी एक तृतीयांश घटना घडल्या होत्या. हे तुकडे शाळा, युवक केंद्रे, दुकाने, मॉल आणि उपाहारगृहे यांच्या आसपासचे होते, म्हणजे जिथे मुले जमतात तिथलेच, आणि ते वर्षानुवर्षे तेच राहिले. याचा अर्थ असा की, ‘बिघडलेला विभाग’ हे आपले आवडते एकक बहुतेक वेळा खोटे असते. ज्याला आपण वाईट विभाग म्हणतो त्यातले बहुसंख्य रस्ते शांत असतात आणि ज्याला चांगला विभाग म्हणतो त्यातही एखादा चौक पेटलेला असतो. ८६ ही संख्या एखाद्या कार्यालयाच्या आटोक्यातली आहे. त्या प्रत्येक जागी एक माणूस जाऊन आठवडाभर उभा राहू शकतो.

वेळेबद्दलही असेच. अमेरिकेतल्या पोलीस नोंदींच्या विश्लेषणात वारंवार दिसले आहे की शाळेच्या दिवशी अल्पवयीनांच्या हिंसक घटनांचे शिखर शाळा सुटल्यानंतरच्या तासांत, दुपारी ३ ते ४ च्या सुमारास येते, आणि सुट्टीच्या दिवशी ते संध्याकाळी ७ ते ९ च्या दरम्यान सरकते. तरीही मुलांच्या प्रश्नावर कठोर उपाय म्हणून अनेक ठिकाणी रात्रीची संचारबंदी लावली जाते. संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॅम्पबेल कोलॅबोरेशन या संस्थेने २०१६ मध्ये अशा संचारबंदीवरच्या १२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आणि तिने गुन्हे कमी होतात असा पुरावा त्यात आढळला नाही. तासांचा साधा स्तंभालेख आधी कोणी काढला असता तर नवल वाटले नसते. म्हणून माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी सांगते की मुलांचा कोणताही नकाशा घड्याळाशिवाय देऊ नका. एका रंगीत नकाशाऐवजी चार लहान नकाशे द्या: शाळेच्या आधी, शाळेच्या वेळी, सुटल्यानंतर आणि रात्री. सुट्टीचे दिवस वेगळे काढा. परीक्षेचे आठवडेही वेगळे काढा.

आता नकाशांच्या खोटेपणाबद्दल, आणि हे मी मुख्यतः माझ्या व्यवसायातल्या मंडळींसाठी लिहिते आहे, पण अधिकाऱ्यांनीही ते वाचावे, कारण अशा नकाशावर अखेर त्यांचीच सही होते. २००९ साली लॉस एंजेलिसमध्ये वृत्तपत्राने उघड केले की पोलिसांच्या सार्वजनिक नकाशावर नगरसभागृहाजवळच्या एका बिंदूवर हजाराहून अधिक गुन्हे साचले होते. तिथे ते घडलेच नव्हते. ज्या पत्त्यांचे अक्षांश-रेखांश संगणकाला सापडत नव्हते, ते सगळे तो मुकाट्याने एका ठरावीक बिंदूवर टाकत होता. हा दोष एका शहराचा नाही, आपल्या पद्धतीचा आहे. नोंद लिहिणाऱ्याने घाईत घटनास्थळाऐवजी ठाण्याचाच पत्ता लिहिला, ‘शाळेजवळ’ एवढेच लिहिले, किंवा दोन एकसारख्या नावांच्या रस्त्यांपैकी चुकीचा निवडला, की ठिपका सरकतो, आणि ठिपका सरकला की संशय सरकतो. गुन्हेशास्त्रज्ञ जेरी रॅटक्लिफ यांनी २००४ मध्ये दाखवले की किमान ८५ टक्के पत्ते बरोबर जुळले तर नकाशातला एकूण आकृतिबंध विश्वासार्ह मानता येतो. पण हा दिलासा उरलेले १५ टक्के सगळीकडे विखुरलेले असतील तरच खरा. ज्या वस्त्यांत घरांना क्रमांक नाहीत आणि गल्ल्यांना नावे नाहीत, तिथले पत्ते एकगठ्ठा गळतात. तिथली मुले मग गुन्ह्याच्या नकाशावर तर दिसत नाहीतच, पण मदतीच्या नकाशावरही दिसत नाहीत. जुळणीची टक्केवारी नकाशाच्या कोपऱ्यात छापावी आणि न जुळलेल्या नोंदी कोणत्या भागांतल्या आहेत हे खाली लिहावे, एवढी सवय लागली तरी पुष्कळ होईल.

छेदाचा, म्हणजे घटनांच्या संख्येला कशाने भागायचे हा, प्रश्न त्याहून साधा आणि त्याहून जास्त दुर्लक्षित आहे. ज्या विभागात मुलेच जास्त, तिथे घटनाही जास्त दिसणार. म्हणून कच्ची संख्या रंगवू नका, त्या वयोगटातल्या दर हजार मुलांमागे किती हे रंगवा. पण बाजारपेठ किंवा बसस्थानक असलेल्या विभागात तेही फसवे, कारण तिथे राहणारी मुले थोडी आणि दिवसभरात येणारी अनेकपट असतात. अशा ठिकाणी रहिवाशांच्या संख्येने भागून आलेला मोठा आकडा पाहून तिथल्या मोजक्या घरांना बोल लावणे हा शुद्ध अन्याय आहे.

आणि एक गोष्ट कोणत्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. पोलिसांची नोंद हे गुन्ह्याचे चित्र असते तेवढेच ते पोलीस कुठे गेले होते याचेही चित्र असते. क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक या संशोधकांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडमधल्या अमली पदार्थांच्या पोलीस नोंदी, पुढचे गुन्हे कुठे घडतील याचे भाकीत करणाऱ्या एका गणितात घालून पाहिल्या. सर्वेक्षणावरून काढलेल्या अंदाजानुसार अमली पदार्थांचे सेवन शहरभर पसरलेले होते, पण गणित मात्र गस्तीला पुन्हा पुन्हा त्याच भागांत पाठवत राहिले जिथे आधीच जास्त अटका झाल्या होत्या. मुलांच्या बाबतीत हे अधिक लागू पडते, कारण मुलांच्या कितीतरी वागण्याला गुन्हा म्हणायचे की खोडी, हे पाहणाऱ्यावर अवलंबून असते. भिंत रंगवणारे मूल एका भागात पालकांच्या हवाली होते आणि दुसऱ्या भागात ठाण्यात जाते. नकाशावर ठिपका फक्त दुसऱ्याचा उमटतो.

यावर उपाय आहे आणि तो वेल्समधल्या कार्डिफ शहराने दाखवला आहे. तिथले शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आले की मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्यांपैकी कितीतरी जण पोलिसांपर्यंत जातच नाहीत. मग आपत्कालीन विभागाच्या स्वागतकक्षात रुग्णाला काही साधे प्रश्न विचारले जाऊ लागले: घटना नेमकी कुठे झाली, केव्हा, कोणत्या शस्त्राने. नाव, पत्ता असे ओळख पटवणारे सगळे काढून ही माहिती पोलीस आणि नगरपालिका यांना नियमित दिली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात, तशाच प्रकारच्या इतर शहरांच्या तुलनेत हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ४२ टक्के कमी आढळले. हे काम सर्व वयांच्या हिंसेबद्दल आहे, केवळ मुलांच्या नव्हे. पण मी त्याकडे आदर्श म्हणून पाहते ते दोन कारणांनी. एक म्हणजे नोंदीचा दुसरा झरा मिळाला, जो गस्तीवर अवलंबून नव्हता. दुसरे म्हणजे नाव काढून टाकल्याने कामाचे काहीही बिघडले नाही. रस्त्याचे नाव, तास आणि शस्त्र एवढ्यावर परिणाम साधला. ‘मुलांची नावे नसतील तर नकाशाचा उपयोग काय’ असे मला विचारणाऱ्या प्रत्येकाने हा मुद्दा शांतपणे लक्षात घ्यावा.

नाव ठेवल्याने काय होते, तेही एकदा पाहावे. लंडनच्या महानगर पोलिसांनी २०११ च्या दंगलींनंतर टोळ्यांशी संबंध असल्याचा संशय असलेल्यांची एक यादी केली, जिच्यात अवघ्या १२ वर्षांची मुलेही होती. तिची एक असंपादित प्रत लंडनच्याच न्यूहॅम भागाच्या स्थानिक परिषदेतून २०१७ मध्ये अनेकांना ईमेलने गेली, तिच्यात २०३ जणांची माहिती घरच्या पत्त्यांसह होती, आणि काही महिन्यांतच तिची छायाचित्रे टोळ्यांच्याच मोबाइलवर फिरू लागली. ब्रिटनमध्ये खासगी माहितीच्या संरक्षणावर देखरेख करणाऱ्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०१९ मध्ये त्या परिषदेला १ लाख ४५ हजार पौंड दंड केला. ती यादी अखेर २०२४ मध्ये बंद झाली. दंड भरता येतो. पण आपले घर प्रतिस्पर्ध्यांना कळले आहे, हे कळल्यावर एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेचा रस्ता कसा चालायचा?

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये संमत केलेल्या, बालन्यायासाठीच्या बीजिंग नियमांतला आठवा नियम सांगतो की मुलाची ओळख पटेल अशी कोणतीही माहिती प्रसिद्ध होऊ नये. १९८९ च्या बालहक्क संहितेने न्यायप्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर मुलाच्या खासगीपणाची हमी दिली आहे. मुलांमधली गुन्हेगारी रोखण्यासाठीच्या १९९० च्या रियाध मार्गदर्शक तत्त्वांत तर स्पष्ट म्हटले आहे की एखाद्या मुलाला ‘बिघडलेला’ असा शिक्का मारण्यानेच पुष्कळदा ते वागणे पक्के होते. नकाशावरचा ठिपका हाही शिक्काच आहे. नाव पुसले तरी विरळ वस्तीत एका घरावर पडलेला एक ठिपका नावाइतकाच बोलका असतो. म्हणून ठिपके रस्त्याच्या तुकड्यावर किंवा नकाशावर आखलेल्या चौकटीत एकत्र करा, एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी नोंदी असतील तर ती चौकट कोरी ठेवा, आणि मुलाच्या घराचा ठिपका कोणत्याही बैठकीत, कोणत्याही पडद्यावर, कोणत्याही कारणासाठी दाखवू नका.

मग नकाशावर काय दाखवायचे? जे आपण सहसा दाखवत नाही ते. मला मुलांच्या कामात सर्वांत उपयोगी पडलेला थर गुन्ह्यांचा नव्हताच. तो मैदाने, वाचनालये, तालमी, अभ्यासिका, समुपदेशन केंद्रे आणि खेळ शिकवणारी मंडळे यांचा होता, प्रत्येकाच्या उघडण्या-बंद होण्याच्या वेळांसह. त्यातही सरळ रेषेतल्या वर्तुळावर विश्वास ठेवू नये. एक किलोमीटरच्या वर्तुळात तीन मैदाने दिसतात, पण मध्ये रेल्वेमार्ग किंवा महामार्ग आला की मुलाला प्रत्यक्षात अडीच किलोमीटर चालावे लागते आणि ते चालत नाही. रस्त्यांच्या जाळ्यावरून चालण्याचे अंतर काढले आणि त्यावर दुपारी चार वाजता खरोखर उघड्या असलेल्या जागा टाकल्या की, सकाळी भरगच्च दिसणारा नकाशा दुपारी कसा ओस पडतो ते पाहण्यासारखे असते.

ही पोकळी भरल्याने फरक पडतो याचे पुरावे आहेत. शिकागोत २०१२ च्या उन्हाळ्यात १३ शाळांतल्या १,६३४ मुलांपैकी सोडतीने निवडलेल्यांना आठ आठवड्यांचे अर्धवेळ काम दिले गेले. सारा हेलर यांच्या अभ्यासात पुढच्या १६ महिन्यांत त्यांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका काम न मिळालेल्यांपेक्षा ४३ टक्के कमी झाल्या. फिलाडेल्फियात ५४१ पडीक भूखंडांवरचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: कचरा काढून गवत-झाडे लावलेल्या भूखंडांभोवती, दारिद्र्यरेषेखालच्या भागांत, बंदुकीची हिंसा २९ टक्के कमी आढळली. कोणत्या शाळा निवडायच्या आणि कोणते भूखंड आधी घ्यायचे, हे ठरवायला नकाशा हवा. तिथे त्याचे खरे काम आहे.

पोलिसांना मी या कामातून बाजूला सारते आहे असे कोणी समजू नये. बोस्टनमध्ये १९९० च्या दशकात तरुणांच्या हत्या वाढल्या, तेव्हा संशोधकांनी गस्तीवरचे पोलीस, तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारे परिवीक्षा अधिकारी आणि रस्त्यावर मुलांत काम करणारे कार्यकर्ते यांना एका टेबलाभोवती बसवले आणि कागदी नकाशावर हाताने रेषा काढायला लावल्या: कोणता गट कुठे बसतो, कोणाचे कोणाशी वैर. मग ते संगणकावर चढवले. निघाले असे की शहरातल्या १४ ते २४ वयाच्या मुलांपैकी एक टक्क्याहून कमी मुले अशा गटांत होती, आणि तरुणांच्या निम्म्याहून अधिक हत्यांचा धागा तिथे पोहोचत होता. संगणकाजवळ नसलेले ज्ञान माणसांजवळ होते. त्या टेबलाभोवती आज मी आणखी एक खुर्ची मागते, ती मुलांसाठी. त्यांना कोरा नकाशा द्या आणि कुठे भीती वाटते, कुठून जायचे टाळता, कुठे बसायला आवडते, एवढे रंगवायला सांगा. मी हे करून पाहिले आहे. तेरा वर्षांच्या एका मुलीने शाळेमागची एक बोळ काळ्या रंगाने इतकी गिरवली की कागद फाटला. त्या बोळीत पोलिसांची एकही नोंद नव्हती.

शेवटी एका घराबद्दल सांगायचे आहे, कारण ते सांगितल्याशिवाय वरचा एकही सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी एका बैठकीसाठी मी नकाशा केला आणि त्यात मुलांच्या घरांचे ठिपके चालू ठेवले. नावे नव्हती, म्हणून मला ते निर्धोक वाटले. नकाशा मोठ्या कागदावर छापून टेबलावर पसरला होता. उपस्थितांपैकी एकाने शहराच्या कडेच्या, शेतालगतच्या एकट्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि सहज म्हटले, “हे तर त्यांचेच घर, धाकटाही आता आठवीत गेला असेल.” धाकट्याने काहीही केलेले नव्हते. त्याची कुठेही नोंद नव्हती. पण त्या खोलीतल्या अकरा जणांना त्या दुपारी तो ठाऊक झाला, आणि त्यांपैकी दोघांचे त्याच्या शाळेत जाणे-येणे होते. तो थर मी त्याच संध्याकाळी पुसला. छापलेल्या प्रती सहा होत्या. त्यांतल्या चार मला परत मिळाल्या.

आपण पुढचा नकाशा मागवाल तेव्हा तो छापण्याआधी त्यावरचा सर्वांत एकटा ठिपका शोधा, आणि तो कोणाच्या दारात पडला आहे ते आपल्या विश्लेषकाला विचारा.

आपली विश्वासू,
एक जीआयएस विश्लेषक